साथीचा रोग आणि घरातील शुश्रूषा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी १९६७ साली एस.एस.एल.सी.चा अभ्यास केला, त्याच शाळेच्या व्यासपीठावर आज मला बोलण्यासाठी बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. समोर माझे काही वर्गमित्र बसले आहेत. त्यांतील दोघांना ओळखायला मला थोडा वेळ लागला, आणि त्यांनाही मला ओळखायला लागला असावा. निमंत्रणपत्रात विषय माझ्यावर सोपविला होता. मी चाळीस वर्षे बेळगावात वैद्यकीय व्यवसाय केला असल्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार यांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगेन, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी बोलणार आहे तो विषय रोग्याचा नाही, रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याचा आहे.

हा विषय का, ते सांगतो. ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या जीवनपटात एक ओळ आहे. त्यांनी मुदतीच्या सहा वर्षे आधी ‘घरगुती कारणास्तव’ निवृत्ती पत्करली, अशी ती ओळ. ते घरगुती कारण मला ठाऊक आहे, कारण त्या घरी डॉक्टर म्हणून मीच जात होतो. बाईंच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या पुढे सात वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्या. दर पंधरवड्याला मी जाई, सासूबाईंची नाडी पाही, रक्तदाब मोजी, पाठीला जखम झाली नाही ना ते पाही. बाई शेजारी उभ्या राहून सर्व माहिती देत. काय खाल्ले, किती वेळा कूस बदलली, रात्री किती वेळा हाक मारली. रक्तदाबाचे यंत्र माझ्या हातात असे आणि बाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या असत. त्या सात वर्षांत मी त्यांचा रक्तदाब एकदाही मोजला नाही. त्यांनी म्हटले नाही आणि मला सुचले नाही.

आपल्या भाषेत या कामासाठी शब्दांची वाण नाही. उस्तवार आहे, सेवा आहे, शुश्रूषा आहे. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, हे आपल्या संस्कृतच्या गुरुजींनी याच इमारतीत शिकविले होते. ऐकण्याच्या इच्छेतून आज्ञा पाळणे, आणि त्यातून सेवा करणे, असा त्याचा प्रवास झाला. घरातील बायका तर याहून नेमका प्रयोग करतात. ‘सासूबाईंचे आजारपण मी काढले’ असे त्या म्हणतात. आजारपण रोग्याचे, पण ते काढणारी व्यक्ती दुसरीच. मात्र हे काम करणाऱ्या माणसाला नाव देताना आपली भाषा अडखळते. ‘काळजीवाहू’ हा चांगला शब्द आपण निवडणुकीपूर्वीच्या सरकारांसाठी राखून ठेवला आहे.

आता साथीकडे वळू. साथीच्या रोगात घरोघरी एकाच वेळी आजारपण येते, त्यामुळे एरवी झाकून राहिलेली व्यवस्था उघडी पडते. अशा दोन साथींविषयी मी बोलणार आहे. एक १९१८ सालची, आपल्या आजी-पणजींनी पाहिलेली. दुसरी २०२० ते २०२२ या काळातील, आपण सर्वांनी पाहिलेली.

१९१८ साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते, म्हणून त्या इलाख्याचा इतिहास हा आपल्याच घरचा इतिहास आहे. जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यावर असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, आणि तेथून इन्फ्लुएन्झाची पहिली लाट सुरू झाली. ती त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. इलाख्यात काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे मेली. साऱ्या हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज १९२१ च्या जनगणनेने सुमारे सव्वा कोटी धरला, आणि पुढील संशोधकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. मुंबई शहरात त्या वेळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी ६१.६ इतके होते, आणि युरोपियनांतील ८.३. जंतू एकच होता. कोंदट खोली, रिकामे पोट आणि पाणी द्यायला शेजारी कोणी असणे वा नसणे, एवढ्यावर हा सातपट फरक पडला.

या साथीची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे म्हातारीकोतारी आणि मुले यांच्या जोडीने तिने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने नेली. दुसरे, ज्याच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले, ते असे की हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त मार्टेन यांनी आपल्या अहवालात याची नोंद केली आणि कारणही सुचविले: घरचे नित्याचे काम स्त्रियांना सुटत नव्हतेच, त्यात आजाऱ्यांची शुश्रूषाही त्यांच्यावरच पडली, आणि स्वतः अंगात ताप असतानाही ती त्यांना करावी लागली. सरकारी अहवालाची भाषा कोरडी असते. पण ज्याने रुग्ण पाहिले आहेत, त्याला त्या कोरड्या वाक्यात एक स्वयंपाकघर दिसू लागते. इन्फ्लुएन्झा झालेल्या माणसाला त्या काळी खरे औषध एकच होते, ते म्हणजे विश्रांती. ताप उतरेपर्यंत पडून राहिले तर फुप्फुसांना सूज येण्याचा धोका कमी. घरातील पुरुष पडून राहू शकला. स्त्रीला मात्र तापातच उठून चूल पेटवावी लागली, आडाचे पाणी शेंदावे लागले.

हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. त्या वयाच्या अनेक स्त्रिया गरोदर असत, आणि गरोदरपणात इन्फ्लुएन्झा अधिक घातक ठरतो हे आज निश्चित ठाऊक आहे. टंचाईच्या वर्षी घरातील अन्न कोणाच्या ताटात शेवटी पडते, हेही सांगायला नको. तरीही, एका परकीय अधिकाऱ्याला जे कारण सहज दिसले, त्याची चर्चा आपल्या घरांतून कधी झाली नाही. माझ्या आजोबांची पहिली पत्नी त्या साथीत गेली. ‘ती मानमोडीत गेली,’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले होते. मानमोडी हे त्या तापाचे गावाकडील नाव. ती कोणाकोणाचे आजारपण काढून मग गेली, हे विचारावे असे आम्हा नातवंडांना वाटले नाही, आणि सांगावे असे मोठ्यांनाही वाटले नसावे.

याआधीच्या प्लेगच्या साथीतील एक मृत्यू मात्र इतिहासाने लक्षात ठेवला आहे. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. प्लेग झालेल्या एका मुलाला त्या दवाखान्यात पोहोचविताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट होते. तो मुलगा त्यांच्या घरचा नव्हता. आपण त्यांना शिक्षिका म्हणून वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा मृत्यू शुश्रूषा करताना झाला.

मधली शंभर वर्षे मी चटकन ओलांडतो. या काळात शुश्रूषा करणाऱ्यांच्या प्रकृतीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला, मुख्यतः अमेरिकेत. त्यांतील एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या व परिस्थितीच्या तेरा स्त्रिया अशा दोन गटांना डॉ. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र अभ्यासले. प्रत्येकीच्या कोपराखाली साडेतीन मिलिमीटर व्यासाची लहानशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. शुश्रूषेचा ताण ‘मनाचा’ म्हणून बाजूला सारता येत नाही. तो कातडीवर मोजता येतो. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांना असेही आढळले की, आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्यांच्या शरीरात इन्फ्लुएन्झाच्या लशीनंतर प्रतिकारशक्ती कमी निर्माण होते. महामारीच्या संदर्भात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याला संसर्गाचा धोका सर्वांत जास्त, त्याचेच चिलखत पातळ. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी वृद्ध जोडप्यांची चार वर्षे पाहणी करून दाखविले की, शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या जोडीदारांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होता.

मग स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरकाचे काय? स्त्रिया मुळातच हळव्या, म्हणून त्यांना अधिक त्रास होतो, असे उत्तर आपल्याकडे तयार असते. माझ्या व्यवसायातील मंडळीही ते सर्रास देतात. मीही दिले आहे. २००६ साली पिनक्वार्ट आणि सॉरेन्सन या दोघांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि ओझ्याची भावना पुरुषांपेक्षा अधिक, शरीरप्रकृती किंचित वाईट, असे त्यांना आढळले. पण हा फरक मोठा नव्हता. आणि कोण किती तास काम करते, कोणत्या प्रकारचे करते, कोणाला मदत मिळते, हे हिशेबात घेतल्यावर तो आणखी कमी झाला. उरला तो स्त्री-पुरुषांत एरवीही दिसतो तेवढाच. याचा अर्थ, फरकाचा मोठा भाग प्रकृतीत नाही. तो कामाच्या वाटणीत आहे. वाटणी माणसांनी केलेली आहे.

ती वाटणी आपल्या देशात कशी आहे, याचा हिशेब योगायोगाने साथीच्या अगदी आधी झाला. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जाई. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. घरातील माणसांची देखभाल करण्यात स्त्रियांचा १३४ मिनिटे, पुरुषांचा ७६ मिनिटे. आणि अशी देखभाल करणारे पुरुष होते शंभरात चौदा, तर स्त्रिया सुमारे अठ्ठावीस. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली ती या घरांना.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य खात्याने सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच विलगीकरणात राहण्याची मुभा दिली. त्यासाठी एक अट होती: रुग्णाजवळ चोवीस तास शुश्रूषा करणारी व्यक्ती हवी. त्या व्यक्तीने तीन पदरी मुखपट्टी बांधावी, हातमोजे वापरावेत, हात धुवावेत, रोज आपला ताप पाहावा, अशा सूचनाही होत्या. त्या योग्यच होत्या. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. मात्र चोवीस तास म्हणजे रुग्णालयातील तीन पाळ्या, हे आम्हा डॉक्टरांनी तरी म्हणायला हवे होते. परिचारिकेची पाळी संपते. घरात दुसरी पाळी कोणाची, असा प्रश्न मी एकाही घरात विचारला नाही.

एरवी आपल्याकडे ही दुसरी पाळी असते, आणि तिचे आपल्याला भानही नसते. आजारपण लांबले की नणंद आठ दिवस येऊन राहते, माहेरहून बहीण येते, जाऊ डबा पाठवते, शेजारीण ‘तुम्ही जरा पडा, मी बसते’ म्हणते. घरातील शुश्रूषा एक बाई करते असे दिसते, पण तिच्यामागे पाच-सहा बायकांची साखळी असते. महामारीने नेमकी ही साखळी तोडली. १९१८ साली ती तुटली, कारण सगळ्याच आजारी पडल्या. २०२० साली ती तुटली, कारण एकमेकींच्या घरी जाणे म्हणजे संसर्ग नेणे. आपल्या सीमाभागात तर तिच्यावर आणखी एक घाव बसला. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कितीतरी लेकी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, सांगली येथे दिलेल्या, आणि तिकडच्या इकडे. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, आणि २०२१ साली तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. माझ्या ओळखीच्या एका घरात सासू-सासरे दोघेही आजारी, मुलगा परदेशात, सून एकटी. नणंद कोल्हापूरहून निघाली आणि कोगनोळीच्या नाक्यावरून परत फिरली. नाक्यावरच्या पोलिसांचा त्यात दोष नव्हता. त्यांना हुकूम होता. सुनेने एकवीस दिवस दोघांचे केले. दोघेही बरे झाले. तिला पुढे सहा महिने झोप लागत नव्हती, आणि ‘आता सगळे नीट झाले, तरी असे का’ म्हणून घरचे चकित होते.

येथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. कोविडने नोंदलेल्या मृत्यूंत पुरुषांचा वाटा मोठा होता. मे २०२० मध्ये आरोग्य खात्याने दिलेल्या आकड्यांनुसार आपल्या देशातील मृतांत ६४ टक्के पुरुष होते. म्हणजे १९१८ चे चित्र उलटे झाले असे कोणी म्हणेल. मृत्यूच्या तक्त्यात ते उलटे झाले, हे खरे आहे. पण शुश्रूषेचा परिणाम केवळ त्या तक्त्यात शोधता येत नाही. २०२० या वर्षी जगभर साथीमुळे नैराश्याच्या रुग्णांत ५ कोटी ३२ लाखांची भर पडली असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांपैकी ३ कोटी ५५ लाख स्त्रिया होत्या. त्या सगळ्या शुश्रूषा करणाऱ्या होत्या असे नाही. पण घरी वाढलेले काम आणि गेलेली नोकरी यांचा भार कोणावर अधिक पडला, याकडे त्या संशोधकांनी बोट दाखविले आहे.

आणि पुरुषांनी शुश्रूषा केली नाही असेही नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूच्या नळकांड्यासाठी रात्रभर रांगेत उभे राहिलेले मुलगे आपण पाहिले आहेत. पुरुषाची शुश्रूषा बहुधा घराबाहेरची असते: औषध, खाट, रुग्णवाहिका, पैसा. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. घरातले पुरुष शुश्रूषक थोडे, पण त्यांची स्थिती वेगळ्या तऱ्हेने कठीण. माझे एक रुग्ण, सेवानिवृत्त कारकून. पत्नीला कंपवात. टाळेबंदीत कामवाली येईना, तेव्हा वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते भाकरी थापायला शिकले. गल्लीत त्यांचे कौतुक झाले, कोणी आमटी आणून देई, कोणी भाजी. त्यांच्या समोरच्या घरात एक सून तेच काम सात वर्षे करीत होती. तिला कोणी आमटी दिल्याचे मला आठवत नाही. पण आमटी मिळूनही त्या गृहस्थांनी मला दूरध्वनीवर कधी ‘ठीक आहे’ यापलीकडे काही सांगितले नाही. ते घेरी येऊन पडले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब दोनशेच्या वर होता. स्त्रीचे दुखणे आपण ऐकत नाही, आणि पुरुष ते सांगत नाही. दोन्हींत यंत्र पिशवीतच राहते.

माझ्या स्वतःच्या घरचे सांगून मग थांबतो. एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला. मी वरच्या खोलीत, पत्नी खाली. तिने दोनशे पानी वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, ताप, प्राणवायू, नाडी. दिवसातून सहा वेळा नोंद. प्राणवायू ९४ च्या खाली गेला तर कोणाला कळवायचे, ते पहिल्या पानावर ठळक अक्षरात. सतरा दिवसांच्या नोंदींत एकही चुकलेली नाही. पहाटे तीनची वेळही सापडते. मी बरा झालो. जूनमध्ये तिच्या पायाची जखम भरेना, म्हणून रक्त तपासले, तेव्हा साखर चारशेच्या जवळ निघाली. तिला मधुमेह होता, हे मला अर्थातच ठाऊक होते. माझ्या आजारपणात तिच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या आणायला कोणाला बाहेर पाठवायचे म्हणून तिने तो विषयच काढला नव्हता. मी डॉक्टर, आणि गोळ्या लिहून देणाराही मीच. ती वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात शेवटी बरीच पाने कोरी आहेत.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. आजाऱ्याला पाहायला गेलो की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बसवतो आणि त्याचा रक्तदाब मोजतो. दोन मिनिटे लागतात. पुष्कळदा समोरून उत्तर येते, ‘मला काय झालंय डॉक्टर, त्यांना बघा.’ रात्री किती वेळा उठावे लागते आणि तुमच्या बदली कोण बसते, हे दोन प्रश्नही विचारतो. दुसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते, आणि कधी कधी खोलीत बसलेला मुलगा मान खाली घालतो. मुलग्यांना ही कामे येत नाहीत, हे खरे आहे. कोणी शिकविलीच नाहीत. आपल्या शाळेत मुलींना गृहशास्त्र होते आणि आम्हा मुलांना त्या तासाला मैदान मोकळे होते. अंथरुणावरच्या माणसाची कूस न दुखवता कशी बदलावी, हे आठवीच्या मुलाला एका तासात शिकविता येते. शाळेने बोलावले तर तो तास घ्यायला मी येईन, हे मुख्याध्यापकांना मी कळविले आहे.

आणखी एक विनंती मी संस्थेकडे केली होती. बाईंच्या जीवनपटातील ती ओळ पुढील पुस्तिकेत बदलावी, ‘घरगुती कारणास्तव’ या शब्दांच्या जागी ‘सासूबाईंच्या शुश्रूषेसाठी’ असे छापावे, आणि वर्षे सात, असेही नमूद करावे. अध्यक्ष महोदयांनी ती मान्य केली आहे. बाईंची कन्या आज समोर बसली आहे. तिची संमती मी आधीच घेतली आहे.